चालतंय, पण का?

रविवारी मंडईत मटार स्वस्त मिळाला. म्हटलं, बरण्यांत भरून उकळून वर्षभर खाऊ! वाचता वाचता निकोला आपेरपर्यंत पोचलो. हा फ्रेंच हलवाई अन्न बाटलीत भरायचा, घट्ट बूच मारायचा आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायचा. अन्न महिनोन् महिने टिकायचं. १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. पण का टिकतं? पत्ता नाही! जंतूंचं कारण पाश्चरने पुढे पन्नासेक वर्षांनी उलगडलं. आपल्या कोडसारखंच की राव: चालतंय ना, मग हात लावू नका.

पण 'का' कळलं तरच धोका कळतो. बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू १०० अंशांतही तगतात. आंबट फळांत ते वाढत नाहीत, मटारात वाढतात. म्हणून १९१७ पासून अमेरिकेचं कृषी खातं अशा भाज्यांसाठी दाबाखालची, ११६ अंशांच्या आसपासची उष्णता सांगतं.

माझा मटार? मुकाट्याने फ्रीझरमध्ये गेला.