दाखल्यावरचा वर्तणुकीचा रकाना

शाळा-कॉलेज सोडताना मिळणाऱ्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. बहुतेकांच्या दाखल्यावर तिथे ‘चांगली’ एवढेच लिहिलेले असते आणि ते कुणी वाचत नाही. दुसरे काही लिहिलेले असेल, किंवा दाखलाच अडवून ठेवला असेल, तर मात्र पोराच्या पुढच्या चार वर्षांचा निकाल त्या एका रकान्यात लागतो. मिशनच्या कॉलेजांतल्या शिस्तीचा विषय निघाला की आपण प्राचार्य दयाळू होते की कडक, यावरच बोलत राहतो. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. शिक्षा झालेल्या मुलाला दुसरीकडे प्रवेश मिळत होता का, हे आधी विचारायला हवे. मिळत होता तोवर प्राचार्यांचा एकतर्फी निकालही सोसण्याजोगा होता. तो रस्ता जसजसा आवळत गेला तसतशी शिक्षेआधी मुलाचे ऐकून घेण्याची जबाबदारी वाढायला हवी होती. नागपूरचा इतिहास पाहिला तर रस्ता आधी आवळला गेला आणि जबाबदारी पुष्कळ उशिरा आली. ती आलीही कॉलेजांच्या मनातून नव्हे, तर कोर्टाच्या दारातून.

स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. त्यांनी शाळा काढली, भूगर्भातले जीवाश्म गोळा केले आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचे कॉलेज फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने १८८३ मध्ये सुरू केले. दोनच वर्षांत मॉरिस कॉलेज उघडले आणि शहरात मुलांना निवड करता येऊ लागली. हिस्लॉप कॉलेज ज्या चर्चचे, त्या चर्चमधली त्याच काळातली एक घटना या विषयाला फार जवळची आहे. अॅबरडीनच्या फ्री चर्च कॉलेजातले प्राध्यापक विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांनी १८७५ मध्ये ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’त बायबलवर लेख लिहिला आणि त्यांच्यावर पाखंडाचा आरोप आला. प्रेस्बिटेरियन पद्धतीत माणसाला असे सहज काढता येत नाही. लेखी आरोपपत्र ठेवावे लागते, उत्तराची संधी द्यावी लागते आणि एका सभेच्या निकालावर वरच्या सभेत दाद मागता येते. हे प्रकरण काही वर्षे चालले. १८८० मध्ये स्मिथ केवळ ताकीद मिळून सुटले. पण नव्या लेखावरून पुन्हा गदारोळ उठला आणि १८८१ मध्ये जनरल असेंब्लीने आरोपपत्राची वाट न धरता, आता यांच्यावर विश्वास उरला नाही, एवढ्या ठरावावर त्यांना अध्यापनातून दूर केले. न्याय्य सुनावणी काय असते हे या चर्चला पक्के ठाऊक होते आणि ती कंटाळवाणी झाली की तिला बगल कशी द्यायची, हेही. नागपुरातले कॉलेज उघडले ते याच्या दोन वर्षांनंतर.

मात्र प्राध्यापकासाठी असलेली ही सगळी व्यवस्था विद्यार्थ्याच्या वाट्याला कधी आली नाही, ना स्कॉटलंडमध्ये ना इथे. विद्यार्थी हा पोर, प्राचार्य त्याचे पालक, आणि बापाने मुलाला आरोपपत्र द्यायचे नसते, अशी समजूत त्यामागे होती. गंमत अशी की इंग्रजी कायद्यात ‘आधी ऐका, मग शिक्षा करा’ या तत्त्वाचा एक नामांकित दाखला विद्यापीठातलाच आहे, तोही बायबलच्या आधाराने दिलेला. केंब्रिजने रिचर्ड बेंटली यांच्या पदव्या त्यांचे न ऐकताच काढून घेतल्या होत्या. १७२३ मध्ये कोर्टाने त्या परत द्यायला लावल्या. त्या वेळी न्यायमूर्ती फोर्टेस्क्यू यांनी सांगितले की, एदेन बागेतून आदामाला बाहेर काढण्यापूर्वी देवानेही त्याला आधी विचारले होते. मिशनच्या कॉलेजात बायबलचा तास असे आणि वर्गात बहुसंख्य मुले हिंदूंची असत. उत्पत्तीच्या पुस्तकातला हा प्रसंग त्यांनी नक्कीच ऐकला असेल. तो कॉलेजच्या नियमावलीत मात्र उतरला नाही.

वसाहतीच्या सरकारला तर तो उतरायलाच नको होता. १८८७ च्या अखेरीस भारत सरकारने शाळा-कॉलेजांतल्या शिस्तीबद्दल प्रांतिक सरकारांना लिहिले आणि त्यानंतर हा विषय खात्याच्या दप्तरात कायमचा जाऊन बसला. वंगभंगानंतर त्याला राजकीय धार आली. १९०५ चे कार्लाइल परिपत्रक बंगालपुरते होते. १९०७ मध्ये गृहसचिव रिस्ले यांच्या परिपत्रकाने देशभर विद्यार्थ्यांच्या राजकारणावर बडगा उगारला. अशा परिपत्रकांचा रोख मुलांवर असला तरी दोर संस्थांच्या गळ्यात होता. अनुदान, शिष्यवृत्त्या, मान्यता हे सारे पणाला लागले. म्हणजे ‘खासगी’ संस्था शिक्षा करताना खासगी उरतच नव्हती. याच सुमारास नागपुरातल्या नील सिटी हायस्कूलमध्ये तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर मुलांनी ‘वंदे मातरम्’ची घोषणा दिली. मुलांनी माफी मागावी, असे ठरले. केशव हेडगेवारांनी ती मागितली नाही आणि त्यांना यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत जावे लागले, असे चरित्रकार सांगतात. नील सिटी ही शाळा मिशनची नव्हती, पण शिक्षेचा साचा सगळीकडे एकच होता. चौकशी कुणालाच नको होती, हवा होता माफीनामा. तो दिला की सगळे माफ, नाही दिला की नाव कमी. केले काय आणि ते कितपत गैर, हा प्रश्न त्यात येतच नाही.

राष्ट्रीय शाळा हे त्या काळचे उत्तर होते, कारण तिथे सरकारी दाखल्याची फिकीर नव्हती. त्याहून मोठे उत्तर नागपूरनेच तीस वर्षांनी दिले. १९३८ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यांना इथे प्रवेश दिला. निजामाच्या राज्यातून असे बाहेर पडावे लागलेल्यांत पी. व्ही. नरसिंह रावही होते आणि पुढे कायद्याचे शिक्षण त्यांनी नागपुरातच घेतले. केदारांच्या धैर्याचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. पण त्यांनी उस्मानियाचा निकाल चूक ठरवला नव्हता. तसा अधिकारच त्यांना नव्हता. त्यांनी फक्त त्या निकालाला नागपुरात किंमत दिली नाही. मुलांना दाद मिळाली ती हैदराबाद संस्थानाबाहेर दुसऱ्या राजवटीतले विद्यापीठ होते म्हणून. एकच कायदा, एकच संगणकीय प्रवेशप्रक्रिया आणि एकमेकांना बांधलेली विद्यापीठे असताना ही सुटका उरत नाही. म्हणूनच १९५० नंतर उच्च न्यायालयांना अनुच्छेद २२६ खाली आदेश काढता येऊ लागले, ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने क्रांती होती. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम दास गुप्ता खटल्यात सांगितले की, कॉपीच्या आरोपावरून निकाल रद्द करण्यापूर्वीही परीक्षा मंडळाने मुलांचे ऐकले पाहिजे, कारण त्या निकालाने पोराची कारकीर्द बुडू शकते. शिक्षेचे वजन तिच्या परिणामावरून मोजण्याची ही सुरुवात होती. नागपुरात हायकोर्ट आणि हिस्लॉप दोन्ही सिव्हिल लाइन्समध्येच आहेत, पण तारखांच्या हिशेबात ते अंतर सहज एका सेमिस्टरचे होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. संस्था खासगी, त्यात अल्पसंख्याकांची. प्रवेश घेताना मुलाने प्रॉस्पेक्टसवर सही केली आहे आणि अनुच्छेद ३० ने कारभाराचा हक्क दिला आहे. हा हक्क खरा आहे आणि तो पातळ करण्याची घाई मला नाही. चर्चच्या कॉलेजांबद्दलचा राग काढायला शिस्तीचे एखादे प्रकरण पुष्कळांना सोयीचे वाटते. पण केरळ शिक्षण विधेयकावर मत देताना १९५८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, कारभाराच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही. अनुच्छेद २८ तर अनुदानित संस्थेतल्या धार्मिक शिक्षणालाही विद्यार्थ्याची, आणि तो अज्ञान असेल तर पालकाची, संमती मागतो. प्रार्थनेला बसायचे की नाही हे ज्याला विचारावे लागते, त्याला काढून टाकताना काहीच विचारायचे नाही, हे न पटणारे आहे. २०१५ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजने ऑनलाइन साप्ताहिक काढणाऱ्या एका विद्यार्थ्याला निलंबित केले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने त्या निलंबनाला स्थगिती दिली. अल्पसंख्याक दर्जा त्या कॉलेजलाही होता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. शाळा-कॉलेजांचे कोर्ट करून टाकले तर दंडेलशाही करणाऱ्या पोरांचे फावते आणि भ्यायलेले मूल तक्रारच करत नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्यानुसार तक्रार आल्यावर प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. गुन्हा सिद्ध झाला तर विद्यार्थ्याला काढून टाकले जाते आणि पाच वर्षे राज्यातल्या कुठल्याही संस्थेत प्रवेश मिळत नाही. दार इतके घट्ट बंद होणार असेल तर आतली चौकशी सैल असून चालणार नाही. पण सुनावणी म्हणजे उलटतपासणीच, असेही नाही. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजात १९७२ मध्ये काही विद्यार्थी रात्री मुलींच्या वसतिगृहात शिरले. चौकशी समितीने मुलींचे जबाब आरोपींच्या अनुपस्थितीत घेतले, ओळख छायाचित्रांवरून पटवली, आणि मग आरोप सांगून मुलांचे म्हणणे ऐकले. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ही पद्धत मान्य केली. त्या मुलींना आरोपींसमोर उभे केले असते तर बोलायला कुणी आलेच नसते, आणि आलेल्यांना पुढे त्याच आवारात राहायचे होते. न्याय्य पद्धत ठरवताना हा दुसरा दाखलाही मोजायला हवा. कारण कॉलेजने हात झटकले की अनेकदा तक्रार करणारेच मूल आपला दाखला काढून निघून जाते, आणि त्याच्या वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ असेच लिहिलेले असते.