व्हिडिओ गेममधील स्त्री-पात्रांची वेशभूषा

लढणाऱ्या नायिकेचा पोशाख तिच्या कामाला साजेसा असावा की बघणाऱ्याच्या नजरेसाठी बेतलेला, याविषयीचा वाद. ‘मेट्रॉइड’मधील (१९८६) सॅमस अरान पूर्ण चिलखतात लढते; ती स्त्री असल्याचे शेवटीच कळते. मात्र खेळ जितका लवकर संपवावा, तितके अखेरीस तिच्या अंगावरचे कपडे कमी. अंगप्रदर्शन हे इथे खेळणाऱ्याचे बक्षीसच ठरते आणि वादाचे मूळ यातच आहे. ‘टूम रेडर’च्या लारा क्रॉफ्टची तोकडी चड्डी (१९९६) २०१३ च्या नव्या अवतारात जाऊन लांब पँट आली. ‘मेटल गिअर सॉलिड ५’मधील (२०१५) क्वाएट त्वचेतून श्वास घेते म्हणून तिला तोकडे कपडे, ही सबब मात्र पटण्याजोगी नाही.

महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण म्हणजे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०). राजी ही कसरतपटू मुलगी; असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, सोडवायला ती त्रिशूळ व धनुष्य घेऊन निघते. कॅमेरा बहुतेक वेळ उंचावर व दूर असल्याने नजर तिच्या देहावर नव्हे, हालचालींवर राहते.

उघडे अंग म्हणजे गैरसोयीचा वेश, हे या वादात गृहीत धरलेले समीकरणही आपल्याकडे टिकत नाही. वांद्र्याच्या चिंबईसह मुंबईच्या कोळीवाड्यांत कोळणींनी पिढ्यानपिढ्या गुडघ्यापर्यंत घट्ट कासोट्याचे लुगडे नेसले, ते चिखलपाण्यात पाय मोकळे राहावेत म्हणून.