तुरुंगाबाहेरची शिक्षा

निरपराध मनुष्यास तुरुंगवास घडतो व त्यामुळे एका दांपत्याच्या संसारास तडा जातो, अशा कथानकाच्या कादंबऱ्या देशोदेशीच्या वाङ्मयात आहेत. त्या वाचताना आपले चित्त बंदिवानाइतकेच त्याच्या पत्नीकडे लागलेले असते. इतिहास वाचताना मात्र तसे होत नाही. तेथे खटल्याची तारीख असते, शिक्षेची मुदत असते. परंतु घरी राहिलेल्या स्त्रीचा निर्देश एका ओळीत उरकलेला असतो. हा दोष कोणाचा, याचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

आम्ही सोलापूरकर. १९३० च्या १२ मेपासून जूनअखेरपर्यंत या शहराने लष्करी कायदा अनुभवला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आली. त्यांचे पुतळे आज चौकात उभे आहेत व त्यांची नावे येथील मुलांसही ठाऊक आहेत. परंतु त्यांच्या घरच्या माणसांची नावे आपणांपैकी कितीजणांस सांगता येतील? विद्यार्थ्यांस हा प्रश्न विचारण्यापूर्वी आम्ही तो स्वतःस विचारला, आणि मान खाली घालावी लागली.

येथे माहितीच्या अभावाची सबब कोणी सांगेल. म्हणून जेथे ती सबब चालणार नाही असे, लोकमान्य टिळकांचेच उदाहरण घेऊ. केसरीतील लेखांबद्दल २४ जून १९०८ रोजी त्यांस अटक झाली. २२ जुलै रोजी नऊ ज्यूरर्सपैकी सातांनी त्यांस दोषी व दोघांनी निर्दोष ठरविले, आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. हेच दावर १८९७ साली बॅरिस्टर या नात्याने टिळकांस जामीन मिळवून देणारे होते, हे आपण रंगवून सांगतो. मंडालेस पेन्सिलीने लिहिलेल्या गीतारहस्याची कथाही आपणांस तोंडपाठ आहे. परंतु त्याच सहा वर्षांचा दुसरा जमाखर्च पुण्यास मांडला जात होता. १८७१ साली ज्यांच्याशी टिळकांचा विवाह झाला, त्या सत्यभामाबाई ७ जून १९१२ रोजी वारल्या. पतीस ती वार्ता तारेने कळली. १९१४ च्या जूनमध्ये ते मध्यरात्री घरी परतले, तेव्हा मुले होती. एक्केचाळीस वर्षांची सोबत नव्हती.

नाशिकच्या सावरकरांच्या घरी हे दुःख अधिक लांबले. बाबारावांस १९०९ च्या जूनमध्ये काही कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप झाली. ते अंदमानास गेल्यावर पत्नी येसूवहिनी यांची व त्यांची पुन्हा भेट झाली नाही. १९१९ साली येसूवहिनी निवर्तल्या.

शिक्षा अन्यायाची असली, तरी टिळक काय किंवा बाबाराव काय, आपल्या मार्गातील धोका ओळखून पुढे झालेले पुरुष होते. त्यांच्या पत्नींचे काय? येसूवहिनींनी स्वतः नाशिकच्या स्त्रियांची संघटना चालविली होती. त्यांनी हे व्रत समजून उमजून पत्करले असेल. परंतु अशा प्रत्येक घरी पत्नीस कोणी विचारले होते काय, हा प्रश्न आपण आदरापोटी टाळतो. बंदिवानाच्या पाठीशी निदान लोकांचा जयजयकार असतो. बाहेर राहिलेलीच्या वाट्यास चूल, देणी, आजारपण आणि वाट पाहणे एवढेच येते.

कादंबरीकार येथे कल्पनेने प्रवेश करतो. रुसवा, संशय, लोकापवाद, सारे रंगवितो. इतिहासकारास ती मोकळीक नाही. सत्यभामाबाईंच्या मनात काय आले, हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि तारखा तरी शेजारी शेजारी मांडता येतात: १९०८ जवळ १९१२, १९०९ जवळ १९१९. एवढे केले तरी शिक्षा एकास झाली नव्हती, हे ध्यानात येते.

सोलापुरातील कित्येक घरी जुन्या ट्रंकांतून पत्रे पडली असतील, आजीच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती असतील. रद्दीवाल्यास हाक मारण्यापूर्वी वाचकांनी ती पत्रे एकवार वाचावीत व त्या हकिकती लिहून ठेवाव्यात, एवढीच आमची विनंती. चौकातील पुतळ्यांची कथा त्यांवाचून अर्धीच राहील.