अमेरिकन विद्यापीठांचा फुटबॉल कोठें थांबावा?

अमेरिकन विद्यापीठांत ज्यास फुटबॉल म्हणतात, तो आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे; त्यांत चेंडू पायापेक्षां हातांतच अधिक असतो. शरद ऋतूंतील नेमलेले सामने संपल्यावर निवडक संघांनीं आणखी किती दिवस खेळत राहावें, हा तेथील जुना वाद आहे. २०१४ च्या हंगामापासून अजिंक्यपदाची स्पर्धा चार संघांत होऊं लागली, २०२४ मध्यें ती बारांची झाली, आणि वर्ष उलटतें न उलटतें तोंच सोळांची भाषा सुरू झाली. खरा विजेता निश्चित व्हावा, एवढाच आपला हेतु, असें विस्तारवादी म्हणतात. इतिहास मात्र निराळेंच सांगतो.

असा पहिला सामना १ जानेवारी १९०२ रोजीं कॅलिफोर्नियांतील पॅसाडेना येथें झाला. तो विजेता ठरविण्यासाठीं नव्हता. शहराच्या गुलाबोत्सवास गर्दी हवी होती. मिशिगननें स्टॅनफर्डला ४९-० असें लोळविलें. चालकांचा इतका हिरमोड झाला कीं, पुढें कांहीं वर्षें फुटबॉलऐवजीं चक्क रोमन पद्धतीच्या रथांच्या शर्यती झाल्या! १९१६ सालीं फुटबॉल परतला. १९३० नंतरच्या मंदींत मायामी, न्यू ऑर्लिन्स, डॅलस या शहरांनींही तोच कित्ता गिरविला.

विद्यापीठें तेव्हां इतकीं आज्ञाधारक नव्हतीं. १९२१ च्या सामन्यानंतर मध्य-पश्चिमेकडील 'बिग टेन' संघानें आपल्या विद्यापीठांस असे सामने वर्ज्य केले, व ही बंदी १९४६ पर्यंत टिकली. नोत्र दाम तर १९२५ नंतर थेट १९७० पर्यंत या वाटेस गेलें नाहीं. तरीही १९४३, १९४६, १९४७ व १९४९ या सालीं वृत्तपत्रकारांच्या मतांनीं तेंच अग्रस्थानीं राहिलें, आणि त्याचें श्रेष्ठत्व खोटें ठरलें नाहीं.

प्रतिपक्षाची एक तक्रार मात्र आम्हांस खरी वाटते. २०२३ सालीं फ्लोरिडा स्टेटनें तेराही सामने जिंकले, आणि तरी निवडसमितीनें त्यास चौघांत घेतलें नाहीं. हा अन्यायच होता. पण बारांनीं तो मिटतो काय? तक्रार पांचव्याकडून तेराव्याकडे जाते, इतकेंच. बारांच्या पहिल्याच स्पर्धेंत जो ओहायो स्टेट विजयी झाला, तो आधीं दोन सामने हरलेला होता. त्याचा सोळावा सामना २० जानेवारी २०२५ रोजीं झाला. तोंपावेतों पुष्कळ विद्यापीठांचें नवें सत्र सुरूही झालेलें असतें. सोळा वेळां एकमेकांवर आदळणारीं तीं शरीरें विशीच्या आसपासच्या मुलांचीं आहेत.

विस्तार करावयाचाच, तर आधीं नेमलेले सामने कमी करा, असें आमचें मत आहे. हार्वर्ड, येल आदि 'आयव्ही' विद्यापीठें कित्येक दशकें हंगामोत्तर स्पर्धेपासून दूर राहिलीं. डिसेंबर १९२४ नव्हे, अगदीं डिसेंबर २०२४ मध्यें त्यांनीं खालच्या श्रेणींतील स्पर्धेस मान्यता दिली, आणि तीही आपल्या खेळाडू-विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनीं मांडलेल्या प्रस्तावावरून. बारांचे सोळा करा, असा विद्यार्थ्यांचा प्रस्ताव आमच्या पाहण्यांत नाहीं.