युवक संघटन, ठाणे–कल्याण परिसरातील
ठाणे, ठाकुर्ली, डोंबिवली, कल्याण या रेल्वेपट्ट्यात तरुणांना पक्षकार्यात आणण्याची रीत. शिवसेनेने १९६७ मध्ये ठाणे नगरपालिका जिंकली, तेव्हापासून तिची शाखा हे येथील तरुणांचे पहिले राजकीय ठिकाण बनले. नळजोडणी, दाखले, रुग्णालयातील खाट अशी गाऱ्हाणी सोडवताना कार्यकर्ता घडतो. भाषणांपेक्षा हे शिक्षण मोलाचे. शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे (मृत्यू २००१) यांनी टेंभी नाक्यावरील दरबार, दहीहंडी आणि नवरात्रोत्सवातून तरुणांची मोठी फळी उभारली. त्या फळीतील शाखाप्रमुख एकनाथ शिंदे पुढे मुख्यमंत्री झाले. डोंबिवलीत मात्र राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखा व अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचा वारसा बळकट. महाराष्ट्रात १९९० च्या दशकात महाविद्यालयांतील थेट निवडणुका थांबल्या आणि नेतृत्वाची ही महत्त्वाची वाट बंद झाली. शिवसेनेची युवक शाखा, युवासेना, २०१० मध्ये स्थापन झाली.