तुकोबा एवढे जाड कसे झाले?

गेल्या आषाढीला आमच्या चांदवडमध्ये एका कार्यक्रमात 'संत तुकाराम' दाखवला. प्रभातचा, १९३६ सालचा. पडदा नवा, प्रोजेक्टर नवा, गर्दीही बऱ्यापैकी. आणि पडद्यावर विष्णुपंत पागनीस आले ते चांगले गुटगुटीत! गाल फुगलेले, टाळ लंबगोल. शेजारचा पोरगा विचारतोय, "काका, तुकाराम महाराज एवढे जाड होते?"

उठलो आणि लॅपटॉपवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "सर, नाहीतर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. लोक म्हणतात, एवढा मोठा पडदा आणला आणि चित्र मधेच." त्या पोराला दोष देत नाही. ते पट्टे का येतात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मंडळी, गोष्ट एडिसनच्या प्रयोगशाळेतली. तिथं १८९०च्या दशकात ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म ठरली. कडेला भोकं, एका चित्राला चार. त्यातून चित्राची रुंदी चार तर उंची तीन, असं माप पडलं. आपल्या त्र्यंबकेश्वरचे फाळके १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' घेऊन आले ते याच मापात. पुढं बोलपट आले, आवाजाची पट्टी फिल्मच्याच कडेला छापावी लागली, चित्र आणखी चौकोनी झालं. मग १९३२ला हॉलिवूडच्या अकादमीनं उंचीच्या १.३७ पट रुंदी हे माप पक्कं केलं. 'संत तुकाराम' त्याच जमान्यातला. दामले आणि फत्तेलाल दोघंही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, चित्रकलेचा हात असलेले. चौकटीची कड कुठं संपते हे त्यांना नीट ठाऊक होतं. आपल्या रंगमहालातली भित्तिचित्रं, भिंत मोठी आहे म्हणून कुणी ओढून रुंद करील का?

टीव्ही आला तोही चारास तीनच. अमेरिकेत त्यानं थिएटरं रिकामी केली, तेव्हा सिनेमावाल्यांनी १९५३ला सिनेमास्कोप काढला. आपल्याकडं पहिला मान १९५९च्या 'कागज़ के फूल'चा. यात चित्र फिल्मवर दाबून अरुंद घेतात आणि दाखवताना खास लेन्स लावून पसरवतात. ती लेन्स लावायची राहिली तर हिरो बांबूसारखा उंच! तंबूतल्या सिनेमात अशा वेळी शिट्ट्या वाजायच्या आणि ऑपरेटर धावायचा. आज तुकोबा रुंद होतात तेव्हा कुणी शिट्टी वाजवत नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

सोळास नऊ हे आजच्या टीव्हीचं माप १९८०च्या दशकात अमेरिकन इंजिनिअर कर्न्स पॉवर्स यांनी सुचवलं. जुनं चौकोनी आणि स्कोपचं रुंद, दोन्ही बरं दिसेल असा मधला तोडगा. म्हणजे पट्टे गृहीतच धरलेले. हिशेब सोपा आहे. चारास तीनचं चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ठेवलं की पाव पडदा काळा राहतो. ताणलं तर प्रत्येक माणूस एक तृतीयांशानं रुंद होतो. झूम केलं तर चित्राचा पाव भाग वरून-खालून कापला जातो, बहुधा डोक्यावरची पगडीच.

आणखी एक भानगड. आपल्याकडच्या डीव्हीडीत चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, चौकोनी असो वा रुंद. कुठल्या मापात दाखवायचं याची खूण वेगळी नोंदलेली असते. कॉपी करताना ती खूण गळाली किंवा चुकली की फाइल बिघडते, आणि तीच पुढं गावोगाव फिरते. चित्रं तीच असतात, फक्त माप हरवलेलं. पुढच्या पिढीला तुकोबा तसेच होते असं वाटणार. फाळक्यांच्या 'हरिश्चंद्र'चा तर काही भागच उरलाय. उरलेलं तरी सरळ दिसू द्या की!

तर त्या रात्री काय केलं? सिनेमा व्हीएलसीवर चालू होता. त्यात कीबोर्डवरचं 'ए' बटण दाबत गेलं की माप बदलतं. चारास तीन आलं तिथं थांबलो. घरच्या टीव्हीवर हेच रिमोटच्या 'पिक्चर साइज'मध्ये सापडतं, आणि ताणून बिघडलेली फाइलही तिथं चारास तीन केली की बरीचशी ताळ्यावर येते.

काळे पट्टे आले. मागून एक जण ओरडला, "ओ, पडदा वाया चाललाय!" पण पागनीस परत सडपातळ झाले, टाळ गोल झाले, आणि दोन मिनिटांत पट्ट्यांकडं कुणाचं लक्षही राहिलं नाही.