गाठ काढायची की पिशवी? प्रश्न डॉक्टरी नाही, हक्काचा आहे

शहापूर-मुरबाडच्या बौद्धवाड्यांत आणि आदिवासी पाड्यांवर बायकांच्या आरोग्याचा विषय निघाला की 'पिशवी काढली' हे शब्द कानावर पडतात. कारण विचारलं की उत्तर येतं, 'गाठ होती.' गाठ होती तर गाठ काढायची, पिशवी का काढली? हा प्रश्न वरवर डॉक्टरी वाटतो. इतिहास पाहिला की तो सत्तेचा आहे हे कळतं.

फायब्रॉईड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणारी गाठ. ती कॅन्सरची असणं अगदी विरळ. त्रास नसेल तर तिला हात लावायचीही गरज नसते. रक्तस्राव फार होत असेल किंवा गाठीमुळे दिवस राहत नसतील, तर अनेकदा नुसती गाठ सोलून काढून गर्भाशय शिवता येतं. यालाच मायोमेक्टॉमी म्हणतात. लंडनचे सर्जन व्हिक्टर बोनी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, रक्तस्राव रोखणारा खास चिमटा वापरून, ही शस्त्रक्रिया रुळवली. त्यांच्या स्वतःच्या पत्नीचं गर्भाशय फायब्रॉईडमुळे काढावं लागलं होतं. पुढे १९७० च्या दशकाअखेर जर्मनीत कुर्ट झेम यांनी हेच काम पोटावरच्या छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीने करून दाखवलं. म्हणजे गर्भाशय वाचवण्याचं ज्ञान जगाकडे कित्येक दशकं आहे.

पण वाचवलं कुणाचं? १९६१ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात कापसाच्या मळ्यात राबणारी फॅनी लू हेमर ही कृष्णवर्णीय स्त्री गाठ काढून घ्यायला इस्पितळात गेली. गोऱ्या डॉक्टरने तिला न विचारता गर्भाशयच काढून टाकलं. काळ्या बायकांच्या बाबतीत हे इतकं सर्रास चाले, की 'मिसिसिपी अपेंडेक्टॉमी' हा शब्दच रूढ झाला. हेमर पुढे नागरी हक्कांच्या लढ्यातली मोठी नेती झाली.

आपली मिसिसिपी बीडमध्ये आहे. २०१९ च्या सरकारी पाहणीत तिथल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीत खाडा पडला की मुकादमाचा दंड, अंगावर उचल, फडावर ना पाणी ना संडास. अशा वेळी 'कॅन्सर होईल' एवढी भीती पुरे होते. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अशाच प्रकरणांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निकाल दिला. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत, असा तो आदेश होता. त्या तत्त्वांत जिल्हा पातळीवर देखरेख समिती आहे.

काही जण म्हणतील, बायकाच कंटाळून 'काढून टाका' म्हणतात. म्हणतातही. पण दुसरा उपाय सांगितलाच नसेल, तर त्या होकाराला निवड म्हणायचं का? आपल्याकडे तर अंतरच निवड करतं. शहापूरच्या तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं, पण मुंबईतली दुर्बिणीची शस्त्रक्रिया उलट वाटेने पाड्यावर येत नाही. मुरबाडला रेल्वे नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी बाईला मुंबईच्या मोठ्या दवाखान्याच्या चार खेपा म्हणजे चार दिवसांची मजुरी. एका फेरीत 'कायमचं' मोकळं होणं तिला स्वस्त वाटतं. अंडाशयही काढलं, तर पाळी अकाली बंद होते, हाडं ठिसूळ होतात. हा हिशेब तिला कुणी देत नाही.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांचा संततिनियमनाचा ठराव पी. जे. रोहम यांनी मांडला. तो फेटाळला गेला. १९२८ मध्ये बाबासाहेब प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले होते. एका ठिकाणी मूल नको म्हणणारी स्त्री होती, दुसऱ्या ठिकाणी मूल होणारी. दोन्हीकडे तिच्या शरीराची किंमत तिने एकटीने मोजू नये, हेच सूत्र दिसतं. गर्भाशय ठेवायचं की काढायचं, हा निर्णय त्याच सूत्रात बसतो.

म्हणून कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या आरोग्य शिबिरात नुसता रक्तदाब मोजून थांबू नका. 'पिशवी काढा' असं सांगितलेल्या प्रत्येक बहिणीसोबत तीन प्रश्न घेऊन जा: सोनोग्राफीत नेमकं काय आलं? औषधाने किंवा नुसती गाठ काढून भागेल का? दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं का? आणि ठाणे जिल्ह्याची देखरेख समिती किती वेळा बसली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर लेखी घ्या.

जय भीम!